येतू

मार्थाबाईंनी मला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. त्या मला ‘मेडिकल’ म्हणायच्या. नगरला सावेडीत माझं औषधांचं दुकान आहे, तेवढ्यावरून. भर बाजारात भाजी घेताना मागून आवाज यायचा, “अरे मेडिकल, इकडे ये.” पन्नाशी उलटलेल्या, दोन पोरांच्या बापाला अशी हाक मारलेली ऐकून लोक वळून बघायचे. मी आधी आधी चिडायचो. माझा स्वभाव तसा चिडकाच. दिवसभर काउंटरला उभं राहून ‘ही गोळी जेवणाआधी की नंतर’ याचं उत्तर देणाऱ्याचा स्वभाव आणखी कसा असणार? पण बाईंवर चिडून काही उपयोग नसायचा. त्या सरळ पिशवी माझ्या हातात द्यायच्या आणि चालायला लागायच्या.

बाई एका मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी कमरेला किल्ल्यांचा जुडगा कायम. त्यातली एकही किल्ली कुठल्याही कुलपाला लागत नव्हती. घराची किल्ली वेगळीच, ती पर्समध्ये. मी एकदा विचारलं की बाई, हे लोढणं कशाला? तर म्हणाल्या, आवाज असला की पोरी सावध होतात. कुठल्या पोरी? त्यातल्या निम्म्या आता आज्या झाल्यात. पण बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तो खळखळाट झाला की मीसुद्धा खुर्चीत नीट बसायचो, हे खरं.

आता ओसरीचं सांगतो, त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. ही ओसरी मोबाईलवरची. मोठ्या कंपन्यांच्या त्या चावड्या असतात ना, जिथे गेलं की आधी भांडण समोर येतं, मग जाहिरात, मग परत भांडण, त्यांना कंटाळलेल्या लोकांनी जगभर आपापल्या छोट्या जागा मांडल्या आहेत. प्रत्येकीचं घर वेगळं, रीत वेगळी, पण एका घरातल्या माणसाला दुसऱ्या घरातल्याशी बोलता येतं. मशीन मध्ये नाक खुपसत नाही. जो आत्ता बोलला तो वर, जो आधी बोलला तो खाली, एवढाच हिशोब. बाईंच्या वसतिगृहात वाढलेली रेश्मा बंगळुरूला कॉम्प्युटरमध्ये आहे. तिनं अशी एक मराठी जागा सुरू केली, तिचं नाव ओसरी ठेवलं, आणि सांभाळायला दिली बाईंना. “मशीन माझं, माणसं तुमची,” असं म्हणाली म्हणे. बाईंनी वसतिगृह सांभाळलं तसंच ते सांभाळलं. मला तिथे त्यांनीच नेलं. शुगरची गोळी घ्यायला आल्या होत्या, मी फोनवर नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये कुणाशी तरी वाद घालत होतो, तर काउंटरवरून हात घालून फोनच काढून घेतला.

तिथली पहिली रीत म्हणजे आडनाव विचारायचं नाही. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवा माणूस आला की बाई एकच विचारायच्या, आज काय जेवलात? ज्वारीची भाकरी आणि वांगं म्हणणारा, बिर्याणी म्हणणारी, उपास आहे म्हणणारा, सगळे त्या एका प्रश्नातून आत यायचे. मग ज्याला जे नाव पडेल ते. मी मेडिकल. कर्जतची एक बाई गाणं शिकवायची, ती सुलभाताई. अकोले तालुक्यातल्या डोंगरात जीप चालवणारा एक जण होता, तो जीपवाला. त्याचं खरं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

दुसरी रीत झाकणाची. ह्या नव्या जागांवर एक सोय असते, आपलं लिहिणं झाकून ठेवता येतं, वर फक्त आत काय आहे ते लिहायचं, ज्याला बघायचं तो उघडेल. बाईंनी त्याला झाकण म्हणायला सुरुवात केली. झाकण: साप. झाकण: ऑपरेशन. झाकण: निवडणूक. रमजानात, चतुर्थीला आणि नाताळानंतर दोनेक महिन्यांनी लागणाऱ्या बाईंच्या उपासकाळात जेवणाच्या फोटोवर झाकण पाहिजेच. मी एकदा ऐन रोज्याच्या दिवसांत दुपारी मिसळीचा फोटो टाकला, वर तर्री अशी लालभडक. मिनिटभरात बाईंचा शब्द आला, “मेडिकल, झाकण.” बास. रागावल्या नाहीत, समजावून सांगितलं नाही. मला मात्र शाळेत ओणवं उभं केल्यासारखं झालं.

तिसरी रीत सुलभाताईंमुळे पडली. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. पण फोटो कसा वाचणार? म्हणून ओसरीवर फोटो टाकणाऱ्यानं खाली त्यात काय आहे ते शब्दांत लिहायचं. आम्ही शहरातले लोक दोन शब्दांत उरकायचो. ‘आमची गच्ची.’ ‘मुलगी, वाढदिवस.’ जीपवाला मात्र रोज सकाळी डोंगराचा एक फोटो टाकायचा आणि त्याखाली जसं बोलायचा तसं लिहायचा. ‘आज ढग लई खाली आलं हायेत. धरनाचं पानी उजव्या हाताला. मारुतीच्या देवळाचा पत्रा नवा हाय, निळा. म्हातारी त्येच्याखाली हुबी हाय, पर ती पावसासाठी न्हाई, माज्या जीपसाठी.’ मी फोटो बघून पुढे जायचो. सुलभाताई ते तीन तीनदा ऐकायच्या.

आणि शेवटची रीत, जिच्यासाठी हे सगळं सांगतोय. संध्याकाळी फोन ठेवताना ओसरीवर ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहूनच उठायचं. आपल्या घरांतून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, म्हटलं तर म्हातारी माणसं लगेच टोकतात. बाई नुसत्या टोकायच्या नाहीत. वसतिगृहात सुट्टीला निघालेली मुलगी दारात ‘जाते, बाई’ म्हणाली की तिला परत आत बोलवायच्या, ट्रंक खाली ठेवायला लावायच्या, खुर्चीत बसवायच्या, पाणी द्यायच्या, आणि मग नव्यानं उठून ‘येते’ म्हणायला लावायच्या. बाहेर टांगा खोळंबलेला असो नाहीतर बाप. ओसरीवर खुर्ची नव्हती, पण बोलावणं तेच होतं.

ह्या ‘येते’ची एक गंमत झाली होती. दुसऱ्या कुठल्यातरी घरातला एक परदेशी गृहस्थ, थंड मुलुखातला, बाईंच्या पेरूच्या झाडाचे फोटो आवडीनं बघायचा. मशीन त्याला मराठीचं भाषांतर करून द्यायचं. बाई रोज संध्याकाळी लिहायच्या ‘येते’, आणि त्याला वाटायचं की ही बाई आपल्याकडे यायला निघाली आहे. बरेच दिवस वाट बघून त्यानं शेवटी विचारलं की आपण नक्की कधी पोचणार, खोली तयार आहे, फक्त जिना फार उभा आहे. आम्ही हसून हसून बेजार झालो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला सगळं नीट कळवलं, की आम्ही निघताना येतो म्हणतो, म्हणजे मागे राहिलेल्याच्या जिवाला घोर राहत नाही. तेव्हापासून तोही देवनागरीत ‘येतो’ लिहायला लागला. त्याच्याकडे तेव्हा दुपार असायची.

असं सगळं छान चाललं होतं, आणि त्यात श्रीरामपूरचे देखणे सर आले, आडनाव न विचारताच सांगत. जन्मभर मराठीचे पेपर तपासलेले. आधीच्या मोठ्या चावडीवर ते फार गाजलेले होते. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, बसवरची सूचना, जिथे म्हणून चूक दिसेल तिचा फोटो काढायचा, लाल गोल करायचे आणि टाकायचं. लोक टाळ्या पिटायचे. माणूस वाईट नव्हता. पण सवय जाते कुठे? आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी जीपवाल्याचं लिहिणं उचललं. ‘पानी’ला लाल गोल, ‘हाय’ला लाल गोल, ‘लई’ला लाल गोल. जीपवाला ‘येतो’ऐवजी ‘येतू’ लिहायचा, त्याला तर दोन गोल. वर लिहिलं, ‘मराठीची अंत्ययात्रा’.

ओसरीवरचे आम्ही गप्प झालो. पण बाहेरच्या घरांतून लोक आले, हसले, पुढे पाठवलं, आणखी हसले. जीपवाल्यानं खाली एवढंच लिहिलं, “बरं सर.” माझा संताप झाला. बाईंनी सरांना आधी त्यावर झाकण ठेवायला लावलं, मग ते लिहिणंच काढून टाकायला सांगितलं. त्यांनी निमूट काढलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी जीपवाल्याचा डोंगर आला, खाली शब्द नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सुलभाताईंनी विचारलं की दादा, आज काय दिसतंय? उत्तर नाही. मग एका संध्याकाळी त्याचा एकच शब्द आला. “जातो.”

सकाळी बघतो तर त्याचे जुने फोटो, जुनं लिहिणं, सगळं पुसलेलं. ते डोंगर नाहीत, तो पत्रा नाही, ती म्हातारी नाही. फक्त वर तो एक शब्द.

बाई दुपारी दुकानात आल्या. आल्या म्हणजे जुडग्याचा आवाज आधी आला. गिऱ्हाईक होतं, तरी म्हणाल्या, “मेडिकल, शटर ओढ. त्याला परत बोलवायचंय.” मी म्हटलं, बाई, नुसतं रागावून गेला असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शटर ओढलं. आणि खरं सांगू? मीही सकाळपासून दर पाच मिनिटांनी ओसरी उघडून बघत होतो. रोज येतू म्हणणारा माणूस सगळं पुसून जातो म्हणतो, ह्याचा अर्थ काय काय होऊ शकतो, ते झोपेच्या गोळ्या विकणाऱ्याला कुणी सांगायला नको.

पण शोधायचं कुठे? नाव नाही, गाव नाही. रेश्माला फोन केला, तिच्याकडे नुसता ईमेल, त्याला उत्तर येईना. पोलिसांना कळवायचं तर काय कळवायचं, की अकोले तालुक्यात एक जीपवाला उदास आहे? तिकडे घरटी जीप आहे. फोटोंवरून गाव ओळखता आलं असतं, पण फोटोच पुसलेले. मी ते रोज बघितले होते, आणि डोळे मिटले तर नुसता हिरवा रंग आठवत होता. तेव्हा बाईंनी सुलभाताईंना फोन लावला.

सुलभाताईंना सगळं पाठ होतं. त्यांनी कधी बघितलं नव्हतं ना, नुसतं ऐकलं होतं. म्हणाल्या, सकाळचं ऊन त्याच्या पाठीमागून येतं. धरणाचं पाणी उजव्या हाताला. निळ्या पत्र्याचा मारुती. राजूरहून वर चढताना दोन वळणं झाली की त्याचं घर, कारण एकदा त्यानं लिहिलं होतं की राजूर सोडलं की दुसऱ्या वळणावर गाडी तापती आन् घरी आल्यावर निवती. मग म्हणाल्या, “आणि शाळेच्या भिंतीवर वाघ काढलाय, पण तो मांजरासारखा दिसतो. पोरं त्याला म्याव म्हणतात.”

बाई म्हणाल्या, गाडी काढ.

राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले. बाई जुडगा काढून मांडीवर धरून बसल्या होत्या, तो वाजू नये म्हणून. अकोल्याच्या पुढे पाऊस लागला, काच पुसता पुसेना. तेव्हा आपणहून सांगायला लागल्या. वसतिगृहात एक मुलगी होती, हुशार. दिवाळीच्या सुट्टीला निघाली, दारातून म्हणाली, जाते बाई. बाई कोठीतून गहू काढून देत होत्या. ऐकलं, पण म्हटलं जाऊ दे, हातातलं काम सोडून कुठे बोलवत बसू. सुट्टीत तिचं लग्न लावून दिलं. ती परत आलीच नाही. “मेली नाही रे,” बाई म्हणाल्या. “असेल कुठेतरी, सुखातही असेल. पण तिला सांगायचं होतं काहीतरी. बसवलं असतं तर बोलली असती.” वायपर तेवढा चालू होता.

राजूरला चहाच्या टपरीवर मी खाली उतरून विचारलं की मांजरासारखा वाघ काढलेली शाळा कुठे आहे. मला वाटलं, लोक मला वेड्यात काढणार. टपरीवाला हसायलाच लागला. म्हणाला, “म्यावची शाळा व्हय? वर जावा की नीट.” पुढच्याला विचारलं, तोही हसला. त्या भागात त्या वाघाला सगळे ओळखत होते. दुसऱ्या वळणावर माझीही गाडी तापली, आणि समोर निळा पत्रा दिसला.

देवळाशेजारच्या घराच्या पडवीत जीप उभी होती, जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. बाई छत्री न उघडता उतरल्या. मी मागे. ते पाय हलत नव्हते, आणि तेवढ्या दहा पावलांत माझं काय झालं ते मी सांगू शकत नाही. बाईंनी जुडगा वाजवला. पाय हलले. पान्हा घेतलेला, ग्रीसनं माखलेला, चाळिशीचा एक माणूस खालून सरपटत बाहेर आला आणि आमच्याकडे बघत राहिला.

“जीपवाला तूच का?” बाईंनी विचारलं.

“व्हय. तुमी?”

“मी बाई.”

त्याच्या हातातून पान्हा पडला. आणि बाई, ज्यांना मी कधी डोळे पुसतानाही बघितलं नव्हतं, त्या तिथेच पडवीच्या ओल्या पायरीवर बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. तो बिचारा भांबावून गेला. आतून त्याची बायको आली, ती आपल्या नवऱ्यावरच ओरडली, की अहो काय केलं तुमी ह्या म्हातारीला? मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या बायकोनं मला आधी पाणी दिलं, मग बाईंना.

कोरा चहा आला. त्याचं नाव नामदेव. बाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, “जातो का लिहिलंस?”

तो बराच वेळ हाताचं ग्रीस चिंधीनं पुसत होता. मग म्हणाला, “येतू लिवलं तर चूक. येतो लिवाया गेलो तर ‘ये’ का ‘ए’ त्येच कळंना. सरांनी दोन गोल केलं हुतं ना त्याला. म्हनून जातो लिवलं. त्यात चुकायसारखं काय न्हाई.”

मी कपाळाला हात लावला.

मी विचारलं, आणि सगळं पुसून का टाकलंस? तर म्हणाला, चुका हुत्या ना त्यात. हळूहळू नीट करून परत टाकायचं म्हनत हुतो. म्हटलं, मग चार शब्द कळवायचे तरी. त्यानं बाहेर बोट दाखवलं. त्यांच्या गावात फोन लागतो तो एका आंब्याखाली, सगळं गाव तिथे जाऊन बोलतं. त्या संध्याकाळपासून डोंगरावरचा टॉवरच बंद पडला होता, आणि आंब्याखाली आता नुसत्या शेळ्या उभ्या होत्या. तिकडे आम्ही त्याला मेलेला धरून निघालो होतो, आणि हा इकडे जीपच्या स्प्रिंगचे पाटे बदलत होता. मला हसावं की त्याला एक ठेवून द्यावी, कळेना.

पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, नीट करून परत टाकणार होतास, हे खरं? तेव्हा तो खाली बघून म्हणाला, “खरं सांगू का बाई? लाज वाटली. माज्या पोरीनं पन वाचलं त्ये. परत यावं का न्हाई, इचार चालू हुता.” म्हणजे आमची भीती अगदीच खोटी नव्हती. माणूस जिवानिशी गेला नव्हता, पण जायला निघालेला होता. बाईंनी तिथे एक शब्द उपदेश केला नाही. म्हणाल्या, चल, गाडीत बस, रेंज आहे तिथपर्यंत.

राजूरला गाडी थांबवून त्यांनी सुलभाताईंना फोन लावला, आवाज मोठा केला, आणि म्हणाल्या की बोल. सुलभाताई आधी नुसत्याच दादा दादा म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या, “दादा, तुम्ही बोलता तसं लिहिता, म्हणून माझा फोन तुमच्यासारखा बोलतो. बाकी सगळ्यांचं तो बातम्यांसारखं वाचतो. तुमचं वाचायला लागला की मला वाटतं, कुणीतरी शेजारी बसून सांगतंय. ते तुम्ही नीट केलंत तर मला तुमचा डोंगर दिसायचा नाही.”

नामदेवनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यानं स्वतःचा फोन काढला, अंगठ्यानं काहीतरी लिहिलं आणि खिशात टाकला. माझ्या फोनवर टण्ण वाजलं. ओसरीवर आलं होतं, “येतू.”

खाली पटापट उत्तरं यायला लागली, त्यात त्या थंड मुलुखातल्या गृहस्थाचंही. परतीच्या वाटेवर बाई घोरत होत्या. संगमनेरला मी गाडी थांबवून दोन प्लेट भजी एकट्यानं खाल्ली. इतकी भूक मला किती दिवसांनी लागली होती.

देखणे सरांना काढून टाका, असं बऱ्याच जणांनी म्हटलं. मी तर सगळ्यांत आधी. बाईंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, काढलं की दुसऱ्या ओसरीवर जाऊन तेच करणार, त्यापेक्षा इथेच बसू दे. वसतिगृहात एखादीनं दुसरीच्या डब्याला नाक मुरडलं की तिला आठवडाभर त्या मुलीला वाढावं लागायचं. सरांनाही तीच शिक्षा. रोज एक फोटो टाकायचा आणि सुलभाताईंना दिसेल असं लिहायचं. सरांनी पहिल्या दिवशी लिहिलं, ‘निसर्गरम्य परिसर.’ एकही चूक नाही. सुलभाताई म्हणाल्या, सर, मला ह्यात काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ‘विलोभनीय सूर्यास्त’. तेही दिसलं नाही. असं करता करता एक दिवस सरांनी घरातल्या एका कुंडीचा फोटो टाकला आणि लिहिलं की पाणी जास्त झालंय, बशीतून फरशीवर आलंय, आणि मी अजून पुसलेलं नाही. सुलभाताई म्हणाल्या, आता दिसलं.

तोवर सगळी ओसरीच संध्याकाळी ‘येतू’ लिहायला लागली होती. पुरुष, बायका, सगळेच. सरांनी बरेच दिवस ते अवतरणचिन्हात लिहिलं. मग कधीतरी ती चिन्हंही गेली.

बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. थेंब मीच द्यायचो, त्यामुळे मला सगळ्यांच्या आधी कळलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर. मी हळहळलो तर म्हणाल्या, अरे, सोय आधीच करून ठेवलीय की. सुलभाताईंनी त्यांना फोन वाचून घ्यायला शिकवलं, आणि ओसरीचा कारभारही हळूहळू सुलभाताईंकडेच गेला. मी घरी गेलो की बाई आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेल्या असायच्या आणि फोनमधून नामदेव बोलत असायचा. आज ढग लई खाली आलं हायेत. पानी उजव्या हाताला. मला हातानं गप्प बसायची खूण व्हायची.

मागच्या थंडीत त्यांची मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. एकट्यानं राहणं शक्यच नव्हतं. मी निरोपाला गेलो तेव्हा सामान गाडीत चढलेलं, ड्रायव्हर घाईत, मुलगी त्याहून घाईत. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चाचपडून माझा हात धरला, कमरेचा जुडगा सोडून माझ्या हातात दिला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “बरंय मेडिकल. जाते मी.”

त्या कधी खोटं बोलल्या नाहीत, म्हणूनच तसं म्हणाल्या असतील. परत यायचं नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण माझ्यानं ते ऐकवेना. मी जुडगा जोरात वाजवला.

“बाई, आत या. बसा.”

मुलगी म्हणाली, काका, गाडी खोळंबलीय. मी म्हटलं, खोळंबू दे. बाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग हसल्या. परत आत आल्या, भिंत चाचपत आरामखुर्चीपाशी गेल्या आणि बसल्या. मी माठातलं पाणी दिलं. त्या सावकाश प्यायल्या, सगळं, आणि भांडं माझ्याकडे देऊन माझ्या खांद्याला धरून उठल्या.

“येतू,” म्हणाल्या.

मुलीनं विचारलं, आई, येतू काय? येते म्हण. बाईंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि पेरूच्या झाडाकडे बघून हात हलवला. मी तिथेच उभा आहे असं त्यांना वाटलं असावं. मी पटकन जाऊन झाडाखाली उभा राहिलो.